मोडलेल्या सुरीचा हिशेब
अर्नेस्ट हेमिंग्वे यांची १९५२ सालची आणि पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेली कादंबरिका या आठवड्यात पुन्हा वाचताना, ८४ दिवस रित्या हातांनी परतलेल्या वृद्ध कोळी सांतियागोने १८ फुटी मार्लिन माशाशी दिलेल्या झुंजीपेक्षा तिच्यानंतरचा एक बारीकसा तपशील माझ्या मनात अधिक रुजला. शार्कांनी मासा ओरबाडून नेताना भाला गेला, सुरी मोडली, सोटा गेला, सुकाणूचा दांडाही तुटला, आणि किनाऱ्याला लागला तो निव्वळ सांगाडा. तथापि सकाळी हा वृद्ध दैवाचे गाऱ्हाणे दोन शब्दांत आटोपून त्याच्या सोबतीच्या मानोलिन या मुलाला सांगतो की जुन्या फोर्ड मोटारीच्या कमानपाट्याचे नव्या भाल्याला पाते करता येईल आणि ग्वानाबाकोआ गावात त्याला धार लावून घेता येईल! वाचकहो, चिकाटीची खरी कसोटी शौर्याच्या क्षणी नसून पराभवानंतरच्या डागडुजीत लागते, असे माझे निःसंशय मत आहे. म्हणून परीक्षेत, व्यापारात वा कोर्टकज्ज्यात हरून आलेल्या माणसाला सांत्वनाची लांबलचक प्रवचने ऐकविण्याऐवजी, त्याचे कोणते हत्यार मोडले एवढेच आपण आपुलकीने विचारावे आणि ते दुरुस्त करण्यास हातभार लावावा.