विजेचा कुकर, दुकानदाराची जीभ आणि मेकॅनिकचा हात

रमजानचा महिना जवळ आला की भांड्यांच्या व विजेच्या सामानाच्या दुकानांत हल्ली एका वस्तूची चौकशी हमखास होते. ती म्हणजे बटणांचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. भात, डाळ, मटण, खीर, दही, सर्व काही एकाच भांड्यात आणि गॅसशिवाय, असे त्याच्या खोक्यावर छापलेले असते. आमचे काही बुजुर्ग याला चैन समजतात. मला ते पटत नाही. ज्या घरात रोजा असलेली गृहिणी असरनंतर दोन-दोन शेगड्यांपुढे घाम पुसत उभी असते, त्या घरात हे यंत्र आले तर त्यात फिजूलखर्ची कसली? माझी तक्रार आहे ती हा कुकर विकणाऱ्यांबद्दल आणि दुरुस्त करणाऱ्यांबद्दल, आणि त्यात मीही आलो.

गॅसवरच्या कुकरचा कारभार उघड असतो. शिट्टी होते, वाफ दिसते, आवाज बदलला की बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाईलाही कळते. विजेच्या कुकरचे सर्व काम बंद पेटीत चालते. आतल्या भांड्याखाली तापणारी प्लेट, उष्णता मोजणारा सेन्सर, दाब वाढताच वीज तोडणारा स्विच, झाकणात सिलिकॉनची रिंग आणि वाफेने वर उचलला जाणारा एक छोटा खटका. हा खटका वर असेपर्यंत झाकण फिरत नाही. हे सर्व नीट चालले आहे की नाही, हे गृहिणीला दिसत नाही. ती विसंबून असते दुकानदाराच्या शब्दावर व मेकॅनिकच्या हातावर.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकला आहे. पाऊस लागला होता, असे धान्यवाल्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. माल ओला होता म्हणून त्याला बोल लागला नाही. ओल खाली दडवली म्हणून लागला.

मी स्वतः एका बाईंना ‘मटण पंधरा मिनिटांत’ असे सांगून हा कुकर विकला होता. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. इफ्तारला घरी पाहुणे आलेले आणि यंत्र अजून मिनिटे मोजतच होते. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. ‘भाई, तुम्ही सांगितलं म्हणून मी शेगडी पेटवलीच नाही,’ एवढेच म्हणाल्या. मला त्या दिवशीची विक्री कडू लागली.

खरा हिशेब असा आहे. आपण लावलेली मिनिटे यंत्र सुरू होताच मोजली जात नाहीत, आत दाब तयार झाल्यावर मोजली जातात. भरलेल्या भांड्याला तेथवर पोचायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. शिजून झाल्यावर वाफ आपोआप उतरू द्यायची तर आणखी तितकीच, कधी जास्तही. शिवाय गॅसच्या कुकरात साधारण १५ पौंडांचा दाब बनतो व उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. विजेच्या बहुतेक कुकरांत दाब १० ते १२ पौंडांचा असतो, म्हणून उष्णता थोडी कमी. मटणाला २५ मिनिटे लावली तर जेवण वाढेपर्यंत तास होतो. गॅसच्या मानाने वेळ वाचत नाही. उभे राहणे वाचते, शिट्ट्या मोजणे वाचते, असरची नमाज घाईत उरकावी लागत नाही. एवढे सांगूनही वस्तू विकली जाते, उलट टिकाऊ गिऱ्हाईक मिळते.

दुकानदाराने आणखी काय सांगावे? तळाशी पातळ पाणी किंवा यखनी किमान एक-दीड वाटी हवीच, कारण वाफ त्याचीच बनते. कांदा-मसाला आतच परतला असेल तर थोडे पाणी घालून तळ लाकडी चमच्याने खरवडून घ्यावा. नाहीतर मसाला लागतो, सेन्सरला तळ जळत असल्याचे कळते आणि यंत्र मध्येच बंद होते. लोक यालाच बिघाड समजून खोके घेऊन येतात. भांडे दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये. डाळ, तांदूळ, हलीमचे गहू हे फुगणारे व फेसाळणारे पदार्थ अर्ध्यापर्यंतच, कारण फेस वर चढून वाफेची वाट बंद करतो. म्हणजे सहा लिटरच्या कुकरात हलीम तीन लिटरचेच होते, हे मोठ्या कुटुंबाला आधी कळले पाहिजे. घोटणे हातानेच. बिर्याणीचा दम या यंत्राकडून मागू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी आपली हंडी आणि तवा बरा. राजमा मात्र मंद शिजवण्याच्या बटणावर कधीही टाकू नये. कच्च्या राजम्यात विषारी द्रव्य असते. भिजवून, पाणी बदलून तो खळखळून उकळला किंवा दाबाखाली शिजवला तर ते नष्ट होते, मंद आचेवर नाही.

वेळ लावून ठेवण्याच्या बटणाबद्दलही एक शब्द. सहरीसाठी रात्री कच्चे मटण भरून पहाटेची वेळ लावायची, असे काही विक्रेते मोठ्या हौसेने सुचवतात. आपल्या हवेत कच्चे मांस चार-पाच तास बाहेर राहिले तर ते खराब होते. तरावीहनंतर शिजवून घ्यावे आणि गरम ठेवण्याच्या बटणावर सोडावे. तेथे अन्न ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे, हे माहितीपत्रकात पाहूनच मॉडेल विकावे.

वायरिंगचे थोडक्यात. हजार वॅटच्या कुकरला चार-साडेचार अँपिअर लागतात, अर्थिंगचे तीन पिनांचे सॉकेट लागते. फ्रिज आणि मिक्सर ज्या एक्स्टेंशन बोर्डावर आहेत, त्याच्यावर हा तिसरा पाहुणा बसवू नये.

आता आपल्या कारागीर बांधवांकडे येतो. स्टील आले आणि कल्हईचा धंदा ओसरला. तेव्हा पुष्कळांनी कुकरची रिंग, दांडा, शिट्टी बदलण्याचे काम धरले. आता पुढची पायरी या विजेच्या कुकराची आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. परंतु एक सवय सोडावी लागेल. यंत्रात थर्मल फ्यूज नावाचा एक लहान तुकडा असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो स्वतः जळतो आणि वीज कायमची तोडतो. कुकर बंद पडला, तपासले, फ्यूज गेलेला आहे आणि जवळ तसा तुकडा नाही. मग तार जोडून ‘डायरेक्ट’ करून देतात. गिऱ्हाईक खूश होते, कारण कुकर चालू झाला. पण दाबाचा स्विच चिकटला तर वीज तोडणारे आता काही उरले नाही, आणि त्या पेटीजवळ कोणाची तरी लेकरे वावरतात. तुकडा क्षुल्लक किमतीचा आहे. त्याच अंशाचा मिळेपर्यंत दोन दिवस थांबायला सांगावे. फ्यूज का गेला, ते आधी शोधावे. कारण सापडले नाही तर यंत्र परत करावे व मजुरी घेऊ नये. दुसऱ्याची चीज आपल्याकडे आली म्हणजे ती अमानत झाली, आणि ‘डायरेक्ट’ केलेली अमानत ही कसली अमानत?

माल भरताना घाऊकवाल्याकडून पक्के बिल व मानकाचा कागद मागून घ्या. घरगुती प्रेशर कुकरांवर आय.एस.आय. शिक्का २०२१ पासून बंधनकारक झाला. मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनाही दंड केला व ग्राहकांचे पैसे परत द्यायला लावले. लहान दुकानदाराला तो फटका सोसणारा नाही.

ज्या कॅनडाच्या इन्स्टंट पॉटने २०१० पासून ही चीज घरोघर नेली, त्याची मालक कंपनी जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. कडक झालेली उधारी व वाढलेले व्याजदर हे कारण तिनेच दिले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एका घरात हा कुकर एकदा गेला की वर्षानुवर्षे दुसरा लागत नाही. लागते ती रिंग. ती सैल पडते, तिला मसाल्याचा वास बसतो, आणि निहारीच्या रिंगेवर खीर केली तर खिरीला निहारीचा वास येतो. म्हणून प्रत्येक कुकरासोबत एक जादा रिंग द्यावी आणि रमजानच्या महिनाभर आधी मॉडेलवार रिंगा मागवून ठेवाव्यात. एका मॉडेलची रिंग दुसऱ्याला ओढून बसवून देऊ नये, ती वाफ धरत नाही.