दारू, तंबाखू, गांजा आणि सरकारची तिजोरी

कोणीहि स्वतःच्या खटल्यांत स्वतःच न्यायाधीश होऊं नये, हें कायद्याचें जुनें सूत्र आहे. मादक पदार्थांच्या बाबतींत मात्र आमचीं सरकारें तें विसरलीं आहेत. जें खातें दारूचे परवाने देतें, तेंच तिचा महसूल वसूल करतें आणि तेंच दारूबंदीचाहि अंमल करतें! १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू-ताडीवर सरकारची पकड घट्ट झाली. पुढें राज्यकर्ते बदलले, पण तिजोरीची चट सुटली नाहीं. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याखालींच आज महाराष्ट्रांत दारूचे परवाने निघतात, याहून मोठी विसंगति ती कोणती?

पदार्थापदार्थांतील भेदहि असाच अजब आहे. १८९३-९४ च्या भांग-गांजा कमिशननें शेंकडों साक्षी घेऊन सांगितलें कीं, मित सेवनापासून फारसा अपाय दिसत नाहीं. बंदीपेक्षां कर व परवाना बरा. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस बाळगणें हा गुन्हा ठरविला, भांगेचीं पानें मात्र वगळलीं. उलट तंबाखूपायीं देशांत दरसाल दहा लाखांवर माणसें मरतात. ती पानपट्टीवर राजरोस मिळते. गांजा निरुपद्रवी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अपायाचें माप सर्वांस एकच लावा, एवढेंच आमचें म्हणणें.

मग सरसकट बंदी करावी काय? चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली. चोरटी दारू व गुन्हे वाढल्याचें कारण देऊन २०२१ सालीं ती उठविली गेली. पण नुसत्या परवान्यानेंहि भागत नाहीं. मुंबईंत परवान्याचीं दुकानें असतांहि २०१५ सालीं मालवणीस विषारी दारूनें शंभरावर माणसें दगावलीं.

आमच्या मतें उपाय तीन. परवान्यांचा निर्णय महसूल गोळा करणाऱ्या खात्याकडे न ठेवतां आरोग्य जाणणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावा. कर मद्यार्काच्या प्रमाणांत बसवून त्याचा ठराविक हिस्सा व्यसनमुक्तीस कायद्यानेंच बांधून द्यावा. आणि व्यसनी मनुष्यास गुन्हेगार न समजतां रोगी समजावें. १९८५ च्या कायद्यांतहि स्वेच्छेनें उपचार घेणाऱ्यास खटल्यापासून सवलत आहे, तिचा उपयोग व्हावा.

व्यापारी बंधु धंद्याची काळजी करतील. पण ज्या गांवांतील स्त्रियांनीं मतदानानें बाटली आडवी केली, त्यांना विचारा, नवऱ्याची मजुरी दारूच्या दुकानांत गेल्यावर वाण्याची उधारी कोठून फिटत होती? लोकांचें आरोग्य सुधारणें हें घटनेच्या ४७ व्या कलमानें सरकारच्या आद्य कर्तव्यांत घातलें आहे. तिजोरी भरणें त्या कलमांत कोठेंहि नाहीं.