दाखल्यावरची दुसरी ओळ

आमच्या प्रभादेवीच्या चाळीच्या दाराशी एक काळा फळा आहे. कुणी गेलं की त्यावर खडूनं नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ आणि 'भागोजी कीर स्मशानभूमी, दादर' एवढं लिहिलं जातं. कारण ठरलेलं असतं : हृदयविकाराने निधन. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका गेले, तेव्हाही फळ्यावर तेच आलं.

काकांची बायपास झाली होती, मधुमेहही होता. पण जाण्याआधी चार दिवस त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत होती. ताप नव्हता, म्हणून कुणी घाबरलं नाही. मग ते असंबद्ध बोलू लागले, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले. घरच्यांना वाटलं, अशक्तपणा असेल. रुग्णालयात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन रक्तात गेलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

याला सेप्सिस म्हणतात. जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिक्रियाच बेफाम होते आणि स्वतःच्या अवयवांवर उलटते. रक्तदाब कोसळतो. मुळात दुबळं असलेलं हृदय हा भार पेलू शकत नाही. रक्तदाब सावरायला सलाइन द्यावं, तर तेच पाणी फुप्फुसात साचण्याची भीती. हृदयरुग्णांच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे धोक्याची पहिली खूण दडून राहते. म्हणून अशा रोग्याच्या बाबतीत एकेक तास मोलाचा. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षीच्या पाच मृत्यूंतला एक.

आपल्या देशात हृदयरोग आणि सेप्सिस मिळून किती जणांना नेतात? अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावरची मूळ कारणासोबतची इतर कारणंही संगणकावर चढतात. त्यामुळे हे दोन्ही आजार एकत्र कुठे वाढले, काळ्यांत किती, गोऱ्यांत किती, खेड्यात किती, हे तिथे वर्षावार सांगता येतं. आपल्याकडे २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. त्यांतले ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या विकारांचे. आणि राष्ट्रीय अहवालात मोजलं जातं ते एकच मूळ कारण. शेजारच्या गोव्यात त्याच वर्षी प्रमाणित करण्याचं काम शंभर टक्के झालं. मग बाकीच्या राज्यांना काय अडतं?

डॉक्टर भरतात त्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा नमुना क्रमांक ४ चांगला विचार करून बनवलेला आहे. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे घडलं, आणि शेवटी सोबतचे आजार. 'हृदय बंद पडलं' यासारखी मरणाची रीत लिहू नका, अशी सूचनाही त्यावर छापलेली असते. तरीही घाईत तेच लिहिलं जातं आणि खालच्या ओळी कोऱ्या राहतात. हा मला निव्वळ कारकुनी दोष वाटत नाही. त्या कोऱ्या ओळीत काकांचा अंगठा हरवतो, आणि त्यांच्यासारख्या हजारोंचा.

उपचारांतली विषमता तर घरासमोर दिसते. आमच्याकडून केईएम रुग्णालय रुळांच्या पलीकडे, परळला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या रुळांवरचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि गाडीला टिळक पूल नाहीतर करी रोडचा वळसा पडला. ज्याच्या दाराशी गाडी आणि खिशात विमा आहे, तो जवळच्या खाजगी अतिदक्षता विभागात पोहोचतो. चाळीतला माणूस टॅक्सीत बसून सिग्नल मोजतो. या दोघांच्या मरणातला फरक कुठल्याच सरकारी तक्त्यात उतरत नाही. महापालिकेनं निदान आपल्या रुग्णालयांतल्या दाखल्यांची दर महिन्याला तपासणी करावी. त्याला नवा कायदा लागत नाही.

वाचकांना एक विनंती. घरात हृदयाचा रोगी असेल आणि जखम, लघवीची जळजळ किंवा खोकला यानंतर तो अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला, धाप लागली, लघवी आटली, तर ताप येण्याची वाट पाहू नका. रुग्णालयात पोहोचताच 'सेप्सिस तर नाही ना?' असं स्पष्ट विचारा. आणि दुर्दैवानं रुग्णालयात माणूस गेलाच, तर २०२३ च्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. ती मागून घ्या, आणि दुसरी ओळ कोरी असेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा.