'अप्रतिम'च्या विरोधात

'अप्रतिम' या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो : ज्याला प्रतिमा नाही, जोड नाही असे. छायाचित्र ही तर प्रतिमाच. आणि तिच्याविषयी बोलताना आपल्याला हाच शब्द सर्वांत आधी सुचतो. देवगडच्या किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचे शंभरावे छायाचित्र पाहूनही आपण 'अप्रतिम' म्हणतो, तेव्हा आधीच्या नव्व्याण्णवांचे काय केले, हा प्रश्न ना दाखवणाऱ्याला पडतो ना पाहणाऱ्याला. हा शिष्टाचार निरुपद्रवी आहे असे मानले जाते. मला तो निरुपद्रवी वाटत नाही.

आपण साहित्याचे अध्यापक आहोत, विद्यार्थी आहोत. उत्तरपत्रिकेत कुणी 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' एवढेच लिहिले, तर आपण त्याचे गुण कापतो. सुंदर म्हणजे काय, ते कशामुळे, कोणत्या ओळीत, असे समासात लाल शाईने विचारतो. तेच आपण सुट्टीनंतर एखाद्या सहकाऱ्याने सिंधुदुर्गच्या प्रवासाची छायाचित्रे पुढे केली की दोन मिनिटांत चाळीस छायाचित्रे संपवून 'सुरेख' म्हणून मोकळे होतो. ज्याने पहाटे उठून कुणकेश्वरच्या वाळूत भरतीची वाट पाहिली, त्याच्या श्रमांचा याहून मोठा अवमान नाही. परीक्षण कठोर असू शकते; पण न पाहता केलेली स्तुती ही निव्वळ तुच्छता असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ही हौस आहे, तिला समीक्षेचे ओझे कशाला? पण हौसेने लिहिलेल्या कवितेलाही आपण हीच सवलत देतो काय? हौशी माणसाला खरे तर जाणत्या वाचकाची गरज अधिक असते, कारण त्याला संपादक नसतो. त्याच्या आणि त्याच्या सवयींच्या मध्ये उभे राहणारे दुसरे कुणीच नसते.

स्तुती करणाऱ्यांच्या विरुद्ध टोकाला नियमवाले उभे आहेत. क्षितिज तिरके आहे, विषय मधोमध आला, एक-तृतीयांशाचा नियम मोडला, एवढे सांगितले की त्यांचे परीक्षण पूर्ण होते. एक-तृतीयांशाच्या नियमाला हे नाव दिले जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, इंग्लंडमधील ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात. खूण म्हणून तो उपयोगी आहे. कायदा म्हणून नाही. जामसंड्याच्या कातळावर मे महिन्यातल्या दुपारी उभे राहा. जमीन आणि आकाश सारख्याच निष्ठुरपणे तळपत असतात. अशा वेळी कुणी क्षितिज बरोबर मध्यावर ठेवले, तर ती चूक ठरवण्याआधी, दोन समान ताकदी समोरासमोर आणण्याचा तो प्रयत्न आहे का, हे पाहायला हवे. त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या घरात आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांची मांडणी केली, ती घटकांच्या परस्परसंबंधांविषयी होती. वर्गात ती आपण वर्षानुवर्षे शिकवतो. डोळ्यांपुढच्या चित्राला मात्र लावून पाहत नाही.

आता थोडे तपशिलात जाऊ. समुद्राची मऊ, दुधाळ, धुक्यासारखी छायाचित्रे सध्या लोकप्रिय आहेत. कॅमेऱ्याचे झाकण काही सेकंद उघडे ठेवले की लाटा पुसल्या जाऊन तो परिणाम साधतो. तंत्र म्हणून त्यात वावगे काही नाही. पण ज्या समुद्रात देवगडचे मच्छीमार होड्या घालतात, त्याची लाट पुसून टाकल्यावर काय उरते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. छायाचित्रकाराकडे त्याचे उत्तर असेल : मला शांतताच हवी होती. मग शांतता कुणाची, पाहुण्याची की किनाऱ्याची, इथपर्यंत बोलणे गेले तर त्याला परीक्षण म्हणता येईल. आंब्याच्या बागांचेही तसेच. झाडाला लगडलेला हापूस सगळे टिपतात. पण ते झाड जांभ्या दगडात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यात, बाहेरून आणलेल्या मातीवर उभे आहे. बागेची राखण बहुधा नेपाळहून आलेला माणूस करतो. हे सगळे एका चौकटीत यावे असा आग्रह नाही. चौकट म्हणजे वगळणेच. फक्त काय वगळले हे करणाऱ्याला ठाऊक असावे, आणि ते विचारण्याचे धाडस पाहणाऱ्याला व्हावे.

यात पणाला काय लागले आहे? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून या भूमीचे रूप बाहेरच्यांना मुख्यतः छायाचित्रांतून कळते : निळे पाणी, माड, सूर्यास्त. या ठरीव चित्रात सड्याला जागा नाही. उन्हाळ्यातला सडा कुणी टिपत नाही, टिपला तर 'उजाड' म्हणून. तोच सडा पावसाळ्यात गवत, गेंद आणि सीतेच्या आसवांनी भरतो, त्याच्या अंगावर मानवाने कधीकाळी कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ साली बारसूसह कोकणातल्या कातळशिल्पांच्या जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आल्या. त्याच वर्षी बारसूचा परिसर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी सुचवताना तिथली बहुतांश जमीन ओसाड असल्याचे कारण पुढे करण्यात आले. त्याआधीच्या, २०१९ साली मागे घेतलेल्या नाणार प्रकल्पाच्या क्षेत्रात तर देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही होती. प्रकल्प हवा की नको हा इथला वाद नाही. 'ओसाड' हा शब्द इतक्या सहज खपतो, कारण आपल्या डोळ्यांना सडा पाहण्याची सवयच लागलेली नाही, एवढेच म्हणायचे आहे. ही सवय न लावण्यात प्रत्येक 'अप्रतिम'चा वाटा आहे. जे चित्र बिनदिक्कत वाखाणले जाते तेच पुन्हा काढले जाते.

तर करावे काय? आधी चित्रात जे दिसते ते विशेषण न वापरता सांगावे. निम्मी गफलत इथेच उघडी पडते. मग विचारावे : तू कुठे उभा होतास, किती वाजले होते, चौकटीच्या कडेला काय होते? त्यानंतर मत द्यावे, आणि ते एखाद्या जागी बोट ठेवून द्यावे. 'रचना फसली' यापेक्षा 'उजवीकडचा माड देवळाचा कळस खातो, दोन पावले डावीकडे सरकला असतास तर दोन्ही सुटे झाले असते' हे वाक्य अधिक उपकारक आहे. कविता पुन्हा लिहिता येते. गेलेला उजेड परत आणता येत नाही. कातरणे आणि निवड एवढेच हाती उरते. म्हणून छायाचित्रावरचा अभिप्राय बव्हंशी पुढच्या छायाचित्रासाठी असतो, आणि त्यात निवाड्यापेक्षा दिशा अधिक असावी. चाळीसांतले एक निवडून त्यावर दहा मिनिटे बोलणे हे चाळीसही चित्रांना दाद देण्यापेक्षा मोठे सौजन्य आहे. बोलावे ते चित्राविषयी. माणसाच्या कुवतीविषयी नव्हे.

हे शिकवायला नवा अभ्यासक्रम नको. कोणत्याही मराठी विभागात एका तासाला विद्यार्थ्यांना आपापल्या गावाचे एकेक छायाचित्र आणायला सांगावे, ते शेजाऱ्याला द्यावे, आणि त्याने त्यावर 'सुंदर', 'निसर्गरम्य', 'अप्रतिम' हे तीन शब्द टाळून एक पानभर लिहावे. पान भरत नसेल तर दोष छायाचित्राचा की आपल्या पाहण्याचा, याचा शोध त्याच तासाला सुरू करता येईल.