उद्यानातील पाचोळा

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे म्हणतात. मुंबईत ते अक्षरशः घडले. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, जेथे एकेकाळी महानगराचा कचरा पडत असे, त्याच सुमारे ३७ एकर जमिनीवर वृक्ष लावण्यात आले आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान जनतेला खुले झाले. आज तेथे दाट वनराई आहे.

परंतु उद्यान म्हटले की आपल्या नगरपित्यांच्या डोळ्यांपुढे कातरलेली हिरवळ, फरसबंद वाटा आणि झाडांवरील रोषणाईच येते. या दृष्टीला पाचोळा म्हणजे केर आणि वठलेली फांदी म्हणजे अडगळ वाटते. वस्तुतः तो पाचोळाच कुजून माती होतो. त्यात किडे-गांडुळे पोसतात आणि त्यांच्यावर पक्षी. वठलेल्या फांदीत तांबट आपले घरटे कोरतो. पाचोळा जाळला, फांदी छाटली, रात्रीचा अंधार हिरावला, तर हिरवाई कदाचित उरेल. तिच्यातील वस्ती मात्र उठेल.

म्हणून सुशोभीकरणाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक नगरपालिकेने आपल्या उद्यानाचा निदान एक कोपरा झाडू, कात्री आणि दिवे यांपासून मुक्त ठेवावा. शाळांनीही सहलीत मुलांना फुलांची नावे सांगून थांबू नये. पायाखालचा पाचोळा उलटून दाखवावा. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.