तळ्याआधी कुऱ्हाड कशाला?

"आधी झाडं काढा, मग तळं खोदा." नायगावच्या बाजारात परवा एक जाणकार चारचौघांना हे ठासून सांगत होते. झाडं पाणी पितात, पाल्यानं तळं घाण होतं, मुळ्या तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक फाडतात, आणि पाणी आलं की झाडं काय, पुन्हा लावता येतात!

पाल्याला जाळी आहे. मुळ्यांचं खरं आहे, म्हणून तर तळं झाडापासून लांब घ्यायचं.

पण "झाडं पाणी पितात" हे ऐकून माझं डोकं फिरतं. झाड पितं ते जमिनीतलं, आणि त्याच्याच मुळ्यांच्या वाटेनं पाऊस मुरमात उतरतो. ऊन किती पितं, ते कुणी मोजलंय? 30 बाय 30 मीटरचं तळं भरलेलं असेल, तर रोज सेंटीमीटरभर पाणी उडालं तरी नऊ हजार लिटर जातं. दिवसाला जवळजवळ एक टँकर! मे महिन्यात पश्चिमेकडून फुफाटा सुटतो तेव्हा तो अडवायला काय उभं असतं? बाभळी, कडुनिंब, हिवर. तेच तुम्ही आधी पाडता. वरचा उतार उघडा पडला की पहिल्याच मोठ्या पावसात काळी माती तळ्यात येते, मग दोन वर्षांनी गाळ काढायला पुन्हा जेसीबी. आमच्या शेजारच्या शिवारात तोडलेल्या बाभळींचे बुंधे पाळीखालीच दाबले होते. तिसऱ्या पावसाळ्यात ते कुजले आणि पाळीच्या बुडातून मनगटाएवढी धार लागली. मी हात घालून पाहिलं. आत मुळीची नुसती साल उरली होती, नळीसारखी.

पुन्हा लावू म्हणे! रस्ता रुंद करताना जुन्या चिंचा पडल्या, तेव्हाही हेच ऐकलं होतं. त्या चिंचांची सावली अजून कुठे दिसत नाही. लातूर जिल्ह्यात वनआच्छादन एक टक्काही नाही, तिथं उभं झाड पाडा म्हणायला जीभ धजते कशी?

तळ्याला माझा विरोध नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. पाण्याची किंमत इथं कुणाला शिकवायची गरज नाही. तळं पडीक खोलगटात घ्या, पाळीच्या जागेवर झाड असेलच तर मुळासकट काढा, बाकीची राहू द्या.

आमच्या तळ्याच्या पश्चिमेला तीन बाभळी आहेत. सुगरणीचे खोपे त्यांच्यावर अजून लोंबतात. आखणीच्या दिवशी फक्कीची रेघ पंधरा पावलं पूर्वेला सरकवली, एवढंच केलं.