आधी हलक्या म्हणून अपात्र, मग हलक्या म्हणून फायद्यात

मोटारसायकलची शर्यत बायकांच्या आवाक्यातली नाही, असं म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे विजेत्यांची यादी. नावं कमी, म्हणजे ताकद कमी, असा हा हिशेब. पण यादीत नाव लागण्याआधी शर्यतीत उतरता यावं लागतं, आणि या हिशेबात नेमकं तेच गाळलेलं असतं.

ताकदीचा प्रश्न इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स ट्रॅकवर कधीच निकालात निघाला होता. कलत्या वळणांचा तो खडबडीत काँक्रीटचा ट्रॅक स्वाराची हाडं खिळखिळी करी. शर्यतीत ताशी 100 मैलांहून, म्हणजे सुमारे 161 किलोमीटरहून अधिक वेगाने फेरी मारणाऱ्याला तिथे ‘गोल्ड स्टार’ मिळे. 1934 मध्ये फ्लॉरेन्स ब्लेंकिरन आणि बिअट्रिस शिलिंग यांनी, तर 1939 मध्ये थेरेसा वॉलाक यांनी तो मिळवला. अट पुरुषांना होती तीच. ब्लेंकिरन आणि वॉलाक यांनी तर डिसेंबर 1934 मध्ये 600 सीसीची पँथर, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर जोडून लंडन सोडलं आणि सहारा ओलांडून जुलै 1935 मध्ये केपटाउन गाठलं. वाळूत रुतलेली ती अवजड गाडी ज्यांनी उपसून काढली, त्यांच्या ताकदीवर शंका घेण्यात अर्थ नाही.

मग नावं कमी का? बेरिल स्वेन यांचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. 1962 मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत 50 सीसीच्या इटोम मोटारसायकलवर त्या उतरल्या. एकटीने गाडी चालवत टीटीत उतरलेली ही पहिली महिला. वरचा गिअर गेल्यावरही त्यांनी शर्यत पुरी केली आणि 22वा क्रमांक मिळवला. त्यानंतर खेळ बायकांसाठी धोक्याचा ठरवून त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. हलक्या स्वारांना बाहेर ठेवणारी किमान वजनाची अटही आली. त्यानंतरची महिला सोलो स्वार, हिलरी मसन, टीटीत उतरल्या त्या 1978 मध्ये. मधली सोळा वर्षं यादीत एकाही महिला सोलो स्वाराचं नाव नाही, आणि ती रिकामी जागा नियमांनी पाडलेली आहे.

आता आक्षेप उलटा येतो: बायका हलक्या, म्हणून त्यांची गाडी जास्त पळते. मोटो-3 या शर्यतींच्या वर्गात यावर स्वार आणि गाडी मिळून किमान 152 किलोची अट आहे. असा साधा, सगळ्यांना सारखा तोडगा असताना कुणाला बाहेर ठेवण्याची गरजच उरत नाही.

महिलांसाठी 2024 पासून वेगळी जागतिक मालिका सुरू झाली, ही पराभवाची कबुली आहे, असंही म्हटलं जातं. स्पेनच्या आना करास्को यांनी त्या मालिकेचं पहिलं विजेतेपद मिळवलं. पण त्याआधी, 2018 मध्ये, पुरुषांच्या बरोबरीने धावून सुपरस्पोर्ट 300 चं जगज्जेतेपद त्यांनी एका गुणाच्या फरकाने जिंकलेलं होतं. वेगळ्या मालिकेने मिळतात त्या शर्यतीतल्या जागा आणि सरावाची वर्षं, आणि कमी होती ती हीच गोष्ट.